जेलीला बरगड्या नसतात

केशरबाई दुसऱ्यांदा केजच्या दवाखान्यात आल्या त्या तपासून घ्यायला नव्हे, एक गोष्ट विचारायला.

महिन्याभरापूर्वी उजव्या कुशीत दुखतं म्हणून त्या आल्या होत्या. अंगात कणकण होती, जेवण जात नव्हतं. डॉक्टर रोहिणीनं पोटाची सोनोग्राफी केली. काही आढळलं नाही म्हणून गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवसांत ताप इतका चढला की मुलानं त्यांना जीपमध्ये घालून परस्पर अंबाजोगाईला नेलं. तिथं यकृतात लिंबाएवढा पुवाचा गोळा सापडला. सुई घालून पू काढला, बारा दिवस ठेवून घेतलं, आणि केशरबाई वाचल्या. वजन मात्र निम्म्यावर आल्यासारखं दिसत होतं.

खुर्चीवर बसून त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाई, मी भांडाय न्हाई आले. पर मला एक सांगा. तितल्या डॉक्टरला दिसलं. मग तुमाला कावून दिसलं न्हाई?"

रोहिणी त्यांचा कागद हातात घेऊन बसली होती. तिनं तो दोनदा वाचला. त्यात नवं काही असणार नव्हतं, तो तिनंच लिहिलेला होता.

"मला माहीत नाही, केशरबाई," ती म्हणाली.

केशरबाई "बरं" म्हणून उठल्या आणि हळूहळू चालत बाहेर गेल्या.

हे सगळं दारात उभ्या असलेल्या जिनतनं ऐकलं. ती स्टॅबिलायझर बघायला आली होती. जिनत शेख केजचीच. बसस्टँडच्या मागे तिच्या वडिलांचं, जमीलभाईंचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लहानपणापासून तांब्याची तार आणि वार्निशचा वास यांतच ती वाढली. पॉलिटेक्निकला मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि ट्रस्टच्या या तीस खाटांच्या दवाखान्यात लागली. ईसीजी, ऑक्सिजनची यंत्रं, बाळांना ऊब देणारा वॉर्मर, सगळं तीच सांभाळायची. बिघडलं की लोक "जिनतला बोलवा" म्हणायचे, आणि चालू झालं की विसरून जायचे.

रोहिणीला इथं येऊन दोन वर्षं झाली होती. क्ष-किरण आणि सोनोग्राफी हाच तिचा विषय. केशरबाईंच्या त्या प्रकारानंतर तिचं एक बदललं होतं, ते जिनतच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ती प्रत्येक रिपोर्टखाली लिहायला लागली होती की एकदा अंबाजोगाईलाही दाखवून घ्यावं. लोकही शहाणे. दोनदा कशाला दाखवायचं म्हणून ते थेट तिकडंच जायला लागले.

"डॉक्टर, मशीन तर बिघडली नसेल?" जिनतनं विचारलं.

"फेब्रुवारीच्या शेवटीच इंजिनिअर येऊन तपासून गेला ना? सगळं ठीक आहे असं लिहून दिलंय त्यानं."

"त्यानं मशीनला विचारलं, तू ठीक हायस का? मशीन म्हणाली, ठीक हाय. एवढीच तपासणी होती ती. मी बाजूलाच उभी होते."

रोहिणीनं वर पाहिलं. "मग दुसरी कशी करतात?"

जिनतला कॉलेजातलं काचेचं कपाट आठवलं. त्यात एक चौकोनी डबा असायचा. आत घट्ट जेली, आणि जेलीत ठरावीक खोलीवर ताणलेले बारीक दोरे. त्याला फँटम म्हणतात. माणसाच्या मांसातून आवाजाची लाट जशी जाते तशीच त्या जेलीतून जाते. म्हणून प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर फिरवतात तो दांडा, माणसाऐवजी त्या डब्यावर ठेवायचा. आत काय आहे ते आधीच ठाऊक असतं, तेव्हा मशीन खरं दाखवते की खोटं, लगेच कळतं. तो डबा परदेशातून आलेला होता, किंमत लाखांत, आणि सरांनी तीन वर्षांत तो एकदाही मुलांच्या हातात दिला नव्हता. केजच्या दवाखान्याला तसला डबा कोण घेऊन देणार?

"बनवता येतो, डॉक्टर," जिनत म्हणाली. "मी वाचलंय. फार अवघड न्हाई."

ते अवघड होतं.

पहिली जेली तिनं जिलेटीनची केली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात शिजवली, फ्रीजमध्ये घट्ट केली आणि सकाळी सोनोग्राफीच्या खोलीत आणून ठेवली. एप्रिलचा शेवट होता. दहा वाजता लाईट गेली, एसी बंद पडला. अकराला येऊन बघते तर जेलीचं पाणी झालेलं, दोरे त्यात सैल पडलेले, आणि टेबलावरून फरशीवर चिकट ओघळ. मुंग्याही लागल्या होत्या. ज्या देशात ही कृती लिहिली गेली तिथं खोलीत बेचाळीस अंश होत नसणार, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

फरशी पुसून ती दुपारी घरी जेवायला गेली. आई, रहेमतबी, भाकरी वाढताना तिचं तोंड बघून म्हणाली, "क्या हुआ गे?"

जिनतनं सांगितलं. घरात बोलणं असंच चालायचं, एक वाक्य दखनीत, एक मराठीत. रहेमतबीला सोनोग्राफीतलं काही कळत नव्हतं, पण वितळलेली जेली म्हणजे काय ते बरोबर कळलं.

"जिलेटीन कशाला घेतलीस? उन्हाळ्यात ती टिकती का? रमजानात आपण चायना ग्रास करतो, ती कदी वितळलेली बघितलीस? सकाळी केली तर संध्याकाळपतोर ताटलीत तशीच ऱ्हाती."

जिनतचा घास हातातच राहिला. चायना ग्रास म्हणजे अगर, समुद्रातलं शेवाळ. तिनं वाचलेल्या कागदातही दुसरी कृती अगरची होती. नाव इंग्रजीत होतं म्हणून ती आईच्या डब्यातलीच वस्तू आहे हे तिला सुचलं नव्हतं. एकदा घट्ट झालेली अगर उकळायला आल्याशिवाय पुन्हा पातळ होत नाही. केजच्या उन्हात तिला काही होणार नव्हतं.

त्या रविवारी मायलेकींनी घरीच जेली केली. पाण्यात भिजवलेल्या सहा पुड्या चायना ग्रास, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली ग्राफाइटची काळी पावडर, आणि बुरशी लागू नये म्हणून सॉसमध्ये घालतात ते सोडियम बेंझोएट. ग्राफाइट नसेल तर जेली पडद्यावर नुसती काळी दिसते. त्या बारीक कणांवर आवाज आपटतो आणि मांसासारखा करडा, दाणेदार रंग येतो.

पहिल्या घाण्याला ग्राफाइट तळाशी जाऊन बसली. दुसऱ्यांदा जिनतनं जोरात ढवळलं तर सगळा फेस झाला. मग रहेमतबीनं पळी तिच्या हातातून काढून घेतली.

"हळू. एकाच बाजूनं फिरव. वरचा फेस काढ. आणि लगेच ओतू नको. बोट बुडवलं तर सोसवेल इतकं होऊ दे. घट्ट व्हायला लागली की मग पावडर खाली जात न्हाई. ओतताना डब्याच्या अंगानं सोड, वरून धार धरू नको, हवा जाती."

डबा जमीलभाईंनी दुकानात तयार करून ठेवला होता. जाड प्लॅस्टिकचा, दोन्ही बाजूंना व्हर्निअरनं मोजून दोन-दोन सेंटिमीटरवर भोकं पाडलेला. भोकांतून मासेमारीची बारीक नायलॉन दोरी ताणून बसवली होती. मध्ये एका ठिकाणी जिनतनं ऑपरेशनच्या हातमोज्याचं एक बोट मिठाच्या पाण्यानं भरून, गाठ मारून लटकवलं होतं. ती केशरबाईंची गाठ.

एकच वस्तू तिनं गाळली होती. कृतीत ग्लिसरीन लिहिलं होतं. जेली सुकू नये म्हणून ते घालत असतील असं तिला वाटलं. डब्याला घट्ट झाकण होतं, मग कशाला घालायचं?

सोमवारी दुपारी पेशंट संपल्यावर रोहिणीनं मशीन चालू केली. पेशंटचं नाव भरल्याशिवाय मशीन पुढं जात नव्हती. रोहिणीनं 'जेली' असं लिहिलं. वय एक दिवस. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

पडद्यावर करडा पट्टा उमटला आणि त्यात एकाखाली एक सहा पांढरे ठिपके. दोरे. पहिल्या दोऱ्यापासून सहाव्यापर्यंत नेमके दहा सेंटिमीटर होते, जमीलभाईंनी तीनदा मोजलेले. रोहिणीनं पडद्यावर मोजलं. दहा पूर्णांक तीन.

"पुन्हा मोजा, डॉक्टर."

पुन्हा दहा पूर्णांक तीन.

"सापडली," जिनत म्हणाली. "मशीन अंतर चुकीचं दाखवती."

रोहिणी मात्र पडद्याच्या उजव्या बाजूला बघत होती. "इथं हा काळसर पट्टा कसला आहे?"

"हवा अडकली असेल. ओतताना थोडा फेस होता. तुमी अंतर बघा ना!"

"थोडं थांबू या, जिनत. आपली जेली बरोबर आहे हे आधी कळायला पाहिजे."

पण जिनतला थांबवेना. तिनं कंपनीला पत्र पाठवलं आणि त्याची एक प्रत ट्रस्टचे अध्यक्ष विजयसिंह यांना दिली. 'सोनोग्राफी मशीन अंतर तीन टक्के जास्त दाखवते, त्यामुळे निदानात चुका होत आहेत,' असं त्यात सरळ लिहिलं होतं.

चार दिवसांनी इंजिनिअर आला. फेब्रुवारीत आला होता तोच, गहिनीनाथ त्याचं नाव. मूळचा पाटोद्याकडचा, नोकरी पुण्यात. विजयसिंह स्वतः खोलीत येऊन बसले होते. पांढरा शर्ट, पायांत कोल्हापुरी, हातातला मोबाईल उपडा करून ठेवलेला. दवाखान्याची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली होती आणि तिथल्या कुठल्याही गोष्टीला नाव ठेवलेलं त्यांना आपल्या घरावर आल्यासारखं वाटे.

गहिनीनाथनं डबा उचलून सगळ्या बाजूंनी बघितला, मोजून घेतला, प्रोब फिरवला. मग विचारलं, "ह्यात ग्लिसरीन किती घातलंय?"

"घातलं न्हाई."

"मग हे असंच येणार," तो शांतपणे म्हणाला. "मशीन आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागला तेवढंच मोजती. माणसाच्या अंगात आवाज एका सेकंदात साधारण पंधराशे चाळीस मीटर जातो, तोच वेग तिच्यात धरलेला हाय. तुमच्या नुसत्या पाण्या-अगरमध्ये तो पंधराशेच्या आसपास जातो. आवाज सावकाश आला की मशीनला वाटतं दोरा लांब हाय. दहाचे दहा पूर्णांक तीन होतात. हिशेब बरोबर बसतो. ग्लिसरीन वेग वाढवायलाच घालतात."

जिनतला कानापर्यंत गरम झालं. बाकी काही न कळलं तरी कोण चुकलं ते विजयसिंहांना कळलं होतं.

"जिनत," ते म्हणाले, "तू पोरगी हुशार हायस, मी न्हाई म्हणत न्हाई. पर घरी शिजवलेल्या लापशीवरून कंपनीला पत्र? उद्या हे बाहेर गेलं तर केजची मशीन खोटी म्हणून लोकं बोंबलतील. आता हे बंद कर." ते उठून गेले.

गहिनीनाथ बॅग आवरून निघाला, पण बाहेरच्या बाकावर जिनत बसलेली दिसली तसा थांबला. आता विजयसिंह नव्हते, त्यामुळे त्याचं बोलणंही गावाकडं वळलं.

"राग मानू नका, ताई. खोटं कसं बोलायचं? पर डबा लई झ्याक बनवलाय. दोरे एकसारखे, बुडबुडा एक न्हाई. ग्लिसरीन शंभराला अकरा भाग घाला. आणि मोजायच्या आधी दोन तास एसीत ठिवा, उष्णतेनं बी वेग बदलतो."

जिनतनं मान डोलावली. त्या दिवशी तिला कुणाशीच बोलायचं नव्हतं. गहिनीनाथचं एक वाक्य मात्र डोक्यात राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी स्टरलायझरचं झाकण घट्ट करताना तिला ते नीट ऐकू आलं. बुडबुडा एक न्हाई. मग तो काळा पट्टा कसला होता?

तिनं कुणाला न सांगता पुन्हा जेली केली. या वेळी ग्लिसरीन मोजून घातलं. रहेमतबीनं चव बघायला म्हणून बोट पुढं केलं तर जिनत ओरडली, "अम्मी, ये खाने का नै!" आणि दोघी हसल्या. डबा तयार झाल्यावर ती रोहिणीसमोर गेली आणि आधी माफी मागितली.

"तुमी थांब म्हणालता. मी न्हाई ऐकलं. पर आता एकदाच. आधी दुसऱ्या मशीनवर बघू या. तिथं बरोबर आलं तरच आपल्या मशीनवर लावायचं."

सोनोग्राफीची मशीन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायची तरी सरकारची परवानगी लागते. डब्याला लागत नाही. रविवारी दोघी अंबाजोगाईच्या बसमध्ये बसल्या. डबा जिनतच्या मांडीवर, वर ओला टॉवेल. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "ह्यात काय हाय?"

"जेली."

"खायची?"

"न्हाई. तपासायची."

त्यानं रोहिणीकडं पाहिलं, जिनतकडं पाहिलं, आणि पुढच्या सीटकडं गेला.

अंबाजोगाईत रोहिणीच्या सीनिअर मॅडमचा दवाखाना होता. केशरबाईंची गाठ त्यांनीच शोधली होती. तिथं जायला रोहिणीला जड जात होतं, ते जिनतला पायऱ्यांवरच दिसलं. मॅडमनी मात्र काही विचारलं नाही. दोन तास डबा एसीत ठेवून मग त्यांनी स्वतः प्रोब लावला. पहिल्या दोऱ्यापासून सहाव्यापर्यंत दहा सेंटिमीटर, बरोबर दहा. हातमोज्याचं बोट स्वच्छ काळं, कडा गोल. उजवीकडं कुठलाही पट्टा नाही.

"कुणी बनवलं हे?" मॅडमनी विचारलं.

"मी आणि अम्मीनं," जिनत म्हणाली.

सोमवारी केजला तोच डबा त्यांच्या मशीनखाली गेला. अंतर दहा. म्हणजे त्या दिवशी गहिनीनाथ खरं बोलला होता. मशीन मोजायला चुकत नव्हती. पण उजवीकडं तो काळसर पट्टा होताच. वरून खाली गेलेला, बोटभर रुंद, कडेला पुसट. रोहिणीनं प्रोब डावीकडं सरकवला. जेलीतले दोरे पडद्यावर सरकले, पट्टा जागचा हलला नाही. तिनं प्रोब उलटा धरला. जेली उलटी दिसली, पट्टा उजवीकडंच राहिला. मग तिनं प्रोब असा नेला की पट्टा हातमोज्याच्या बोटावर आला. बोट दिसेनासं झालं. पूर्ण गेलं नाही, पण एवढं फिकट झालं की जागा माहीत नसती तर कुणी सोडूनच दिलं असतं.

"हा जेलीत न्हाई," जिनत हळू आवाजात म्हणाली. "प्रोबमध्ये हाय."

रोहिणीनं प्रोब खाली ठेवला. मग मशीनमध्ये साठवलेल्या जुन्या फोटोंत जाऊन केशरबाईंचं नाव शोधलं. फोटो उघडला. बरगड्यांमधून घेतलेलं यकृत, आणि उजवीकडं काळसर पट्टा.

"असा पट्टा मी रोज बघत होते," ती म्हणाली. "बरगडीमागं आवाज जात नाही, तिथं सावली पडते. मी ही बरगडीची सावली धरली. प्रत्येक पेशंटमध्ये धरली. जेलीला बरगड्या नसतात."

जिनतनं गहिनीनाथला फोन लावला. या वेळी तिनं फक्त काय दिसलं ते सांगितलं, अर्थ लावला नाही. तो म्हणाला, "प्रोब कोरडा करा. एक रुपयाचं नाणं घ्या, त्याची कड प्रोबवर हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. व्हिडिओ लावा, मला दाखवा."

प्रोबच्या तोंडाशी शंभरावर बारीक स्फटिक एका ओळीत बसवलेले असतात. नाणं ज्यावर येईल तिथं पडद्यावर उजेड पडतो. नाणं सरकत गेलं तसा उजेड सरकत गेला आणि एका जागी विझला. पुढं गेल्यावर पुन्हा पेटला.

"बारा-तेरा मेलेत," गहिनीनाथ फोनवरून म्हणाला. "मशीनची आतली तपासणी हे धरत न्हाई. मी फेब्रुवारीत हे नाणं फिरवायला पाहिजे होतं. मागच्या खेपेला बी पाहिजे होतं. तुमच्या अंतरात अडकलो आणि पट्ट्याकडं बघितलंच न्हाई. चूक माझी हाय, ताई. मी तसं लिहून देतो."

त्यानं लिहून दिलं आणि नऊ दिवसांत नवा प्रोब आला. जुना कधी आपटला, कुणाच्या हातून आपटला, ते कळलं नाही, आणि रोहिणीनं कुणाला विचारूही दिलं नाही. जुने फोटो मागं मागं बघत गेल्यावर एवढं सापडलं की नऊ फेब्रुवारीपर्यंत पट्टा नाही आणि दहापासून आहे.

खरा प्रश्न तिथून सुरू झाला. दहा फेब्रुवारीनंतर त्या प्रोबखालून एकशे त्रेचाळीस माणसं गेली होती. त्यांना परत बोलवायचं असं रोहिणीनं ठरवलं. विजयसिंहांना ते पटेना.

"प्रोब बदलला ना? मग झालं की. आता गावोगाव फोन करून सांगायचं का, आमचं चुकलं म्हणून? माणूस राहील का दवाखान्यात?"

"केशरबाई मरता मरता वाचल्या," रोहिणी म्हणाली. "आणखी एखादी केशरबाई असेल तर?"

"नसंल बी."

"ते बघितल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही नका करू फोन. मी करते. माझ्या नावानं करते."

विजयसिंह बराच वेळ मोबाईलशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, "तुमच्या नावानं कशाला? ट्रस्टच्या नावानं करा. आणि पुन्हा तपासायचं काही घेऊ नका कुणाकडून."

जिनत आणि रोहिणीनं यादी अर्धी-अर्धी वाटून घेतली. काही नंबर बंद होते, काही जणांनी "आमी बरे हाव" म्हणून फोन ठेवला. एकानं जिनतला शिव्या दिल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या आणि पुन्हा वेळ सांगितली. एकशे अठरा जण आले. तिघांमध्ये काही सापडलं. एकाच्या पित्ताशयात खडे, एका बाईच्या मूत्रपिंडाला सूज, आणि एका शिक्षकांच्या यकृतात छोटी गाठ, जी पुढं साधी निघाली. बाकीच्यांचं काही नव्हतं. काही सापडलं नाही म्हणून रोहिणीला इतका आनंद पूर्वी कधी झाला नसेल.

केशरबाईंना तिनं फोन केला नाही. त्यांच्या गावी जीपनं गेली. जिनत सोबत होती. केशरबाई अंगणात बसून शेंगा फोडत होत्या. रोहिणी त्यांच्यासमोर पोत्यावर बसली आणि झालं ते सगळं सांगितलं. पट्टा, प्रोब, जेली.

केशरबाईंनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. "मंजी मशीनचा डोळा अधू व्हता."

"हो."

"आणि तुमचा?"

रोहिणीनं नजर वळवली नाही. "माझाही चुकला. तो पट्टा होता तरी मी प्रोब थोडा तिरपा करून, तुम्हाला कुशीवर वळवून बघितलं असतं तर गाठ दिसली असती. मी बरगडी समजले आणि पुढं गेले."

केशरबाईंनी टरफलं सुपाबाहेर टाकली. "आता वळवता का माणसाला?"

"प्रत्येकाला."

"मग बरं झालं, इचारलं ते," केशरबाई म्हणाल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. जिनतला वाटलं होतं की त्या रडतील किंवा रागावतील. तसं काही झालं नाही. निघताना त्यांनी दोघींच्या ओटीत शेंगा घातल्या आणि रोहिणीला एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोराला मात्र राग हाय. त्याला मी सांगन. पर त्यो लगेच ऐकायचा न्हाई." रोहिणीनं मान हलवली.

त्यानंतर रोहिणीनं जिनतकडं एक नवीन काम दिलं. केशरबाईंची गाठ दिसली असती तरी त्यांना अंबाजोगाईलाच जावं लागलं असतं, कारण सोनोग्राफीत बघत सुई घालून पू काढणं केजला होत नव्हतं. रोहिणीनं ते शिकताना दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा सर बाजूला उभे असताना. एकटीनं करायची हिंमत नव्हती आणि माणसावर सराव करता येत नाही.

जिनतनं पुन्हा चायना ग्रास आणली. या वेळी डबा उघडा ठेवला, दोरे काढले आणि आत हातमोज्याची चार बोटं पुरली, प्रत्येकात घुसळलेलं पातळ दही. वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या आडव्या बसवल्या, मुद्दाम, बरगड्यांसारख्या. रोहिणी दुपारी दोन तास त्या डब्यावर बसायची. डाव्या हातात प्रोब, उजव्या हातात सुई, नजर पडद्यावर. पहिल्या दिवशी एकही बोट सापडलं नाही. सुई बरगडीला लागायची, नाहीतर शेजारून जायची. चौथ्या दिवशी सिरिंजमध्ये दही आलं. जेली भोकाभोकांची झाली की जिनत ती पुन्हा उकळून ओतायची. अगरचं ते एक बरं आहे.

आठेक डबे तसे झाले. अंबाजोगाईच्या मॅडमनी एक मागून घेतला. गहिनीनाथनं आपल्या ऑफिसात दाखवायला एक नेला आणि कृती जिनतच्या नावासकट लिहून घेतली. रहेमतबीचं नाव टाकायला तो विसरला होता. जिनतनं फोन करून ते टाकायला लावलं.

सप्टेंबरात वडवणीकडचा एक माणूस आला. माऊली त्याचं नाव, पस्तिशीचा, ट्रॅक्टरवर काम करणारा. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरलेला, अंग तापलेलं. रोहिणीनं त्याला सरळ झोपवून बघितलं, मग कुशीवर वळवून बघितलं, मग श्वास रोखायला सांगून बघितलं. गाठ होती, केशरबाईंच्या गाठीपेक्षा मोठी. बायको म्हणाली, "अंबाजोगाईला न्यावं का?"

"न्यायचं असेल तर मी चिठ्ठी देते, गाडीही देते," रोहिणी म्हणाली. "इथंही करता येईल. मी आजवर माणसावर दोनदा केलंय, तेही दुसऱ्यांच्या देखरेखीखाली. सराव पुष्कळ केलाय. तुम्ही ठरवा."

माऊली म्हणाला, "बाई, लई दुखतंय. इथंच करा."

जिनत आत नव्हती. ती बाहेर इन्व्हर्टरपाशी उभी होती, लाईट गेली तर एका क्षणाचाही खंड पडायला नको म्हणून. लाईट गेली नाही. वीस मिनिटांनी दार उघडलं. रोहिणीच्या हातमोज्यांना पिवळट डाग होते आणि केसांच्या कडेनं घाम आला होता.

"निघालं," ती म्हणाली. "दीडशे मिली."

आतून माऊलीचा आवाज आला. त्याला भूक लागली होती आणि भाकरी कधी मिळणार ते तो बायकोला विचारत होता.